पुस्तकांत वाढलेला मुलगा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या देशात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा कुठेही पाहिला, तरी एक गोष्ट त्यात बहुतेक हमखास असते. ती म्हणजे हातातले पुस्तक. दिल्लीत असो, नोएडा-गाझियाबादच्या एखाद्या चौकात असो, की आपल्या गावाकडच्या बसस्टँडसमोर असो, निळा कोट आणि काखेत किंवा हातात धरलेले जाड पुस्तक हे चित्र लहान मुलालाही ओळखता येते. ते पुस्तक म्हणजे भारताचे संविधान, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण हे पुस्तक हातात येण्याच्या आधी त्या हातांत कोणती पुस्तके होती? ती कुठून आली, कोणी दिली, केव्हा आणि कुठे बसून वाचली? संविधानकार बाबासाहेब आपल्या परिचयाचे आहेत. वाचणारा भीमराव मात्र तितकासा परिचयाचा नाही. या लेखात त्या मुलाची ओळख करून घेऊ. आपल्या घरातील आठवी-दहावीच्या मुलांना सांगण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

घरातले पाठांतर

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळचे आंबडवे. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवीत. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. रामजींनी पेन्शन घेतल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यात भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच आई भीमाबाई वारल्या. पुढे घर सांभाळले ते आत्या मीराबाईंनी.

रामजी कबीरपंथी होते. घरात रोज भजन, अभंग, दोहे म्हटले जात आणि मुलांना रामायण-महाभारतातील भाग वाचून दाखवावे लागत. याची मुलाला गोडी होती असे नाही. उलट आपण हे ग्रंथ का वाचायचे, असा प्रश्न त्याने वडिलांना विचारला होता. सामान्य कुळात जन्मलेली माणसेही केवढी मोठी होऊ शकतात हे मुलांना कळावे आणि मनातला न्यूनगंड जावा, असा वडिलांचा हेतू होता. मुलाचे त्या उत्तराने समाधान झाले नाही. पण प्रश्न विचारत वाचायची सवय मात्र तेथेच लागली.

इंग्रजीची तयारीही वडिलांनीच करून घेतली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही त्या काळच्या प्रत्येक होतकरू मराठी विद्यार्थ्याची शिदोरी. ती रामजींनी मुलाकडून घोटून घेतली. योग्य शब्द योग्य ठिकाणी कसा वापरायचा हे त्याला तेव्हापासून समजू लागले. पुढे ज्यांच्या इंग्रजीबद्दल सगळीकडे आदराने बोलले गेले, त्यांचा पाया असा घरच्या सतरंजीवर घातला गेला होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत घातले गेले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. पण त्या शाळेत तो इतर मुलांबरोबर बसू शकत नव्हता. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे आणि ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

स्टेशनवरची दोन चित्रे

मी रेल्वेचा माणूस असल्यामुळे त्यांच्या बालपणातील दोन प्रसंग मला विशेष लक्षात राहिले आहेत. दोन्ही रेल्वे स्टेशनवरचे आहेत.

पहिला प्रसंग १९०१ सालच्या उन्हाळी सुट्टीतला. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामांवर कॅशियर होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे अशी मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून आनंदाने गाडीत बसली. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती मसूर स्टेशनवर उतरली. आजही पुणे-मिरज मार्गावर हे छोटे स्टेशन आहे. तेव्हा तिथे मीटर गेज होती. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे वडिलांकडून न्यायला कोणीच आलेले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशन मास्तरांनी आस्थेने विचारपूस केली. मुलांनी सरळपणे आपली जात सांगितली, आणि मास्तर पाच पावले मागे सरकले. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तोड निघाली. बरोबर जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून ते जेवणही तसेच राहिले.

दुसरा प्रसंग सातारा स्टेशनचा. हा मुलगा जन्मतः अभ्यासू होता असे समजण्याचे कारण नाही. त्याला एकदा बागकामाचा नाद लागला, एकदा शेळ्या पाळण्याचा. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही म्हणून त्याने सातारा स्टेशनवर हमालीही करून पाहिली, असे चरित्रकार सांगतात. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम धरावे असे त्याच्या मनात आले. भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढून घेण्याचा प्रयत्न त्याने तीन रात्री केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, पण तिच्यात निघाला अवघा अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्यात मुंबई काही गाठता येण्यासारखी नव्हती. मुलाला स्वतःचीच लाज वाटली, आणि आता मन लावून अभ्यास करायचा, परीक्षा पास व्हायच्या आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे असे त्याने ठरवले. मुलगा पुस्तक हातात धरत नाही म्हणून ज्या पालकांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी हा अर्धा आणा जरूर लक्षात ठेवावा.

परळच्या खोलीतील रात्री दोन वाजता

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सरपण, त्यातच भांडी. एका कोपऱ्यात जाते आणि जवळच बांधलेली शेळी. दोन माणसांना नीट पाय पसरून झोपता येईल एवढीही जागा नव्हती. यावर सुभेदारांनी तोडगा काढला तो असा. भीमरावाने संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडिलांनी जागे राहायचे. रात्री दोनला वडील त्याला उठवत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. मग मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात मुलगा पहाटेपर्यंत वाचत बसे.

रात्री दोनची वेळ म्हणजे काय, हे नाइट ड्यूटी केलेल्या आम्हा रेल्वेवाल्यांना वेगळे सांगायला नको. ब्लॉक मिळालेला असतो, काम समोर असते, आणि तरीही डोळे मिटू लागतात. तिथे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रोज त्या वेळी उठत होता. आणि त्याच्यासाठी म्हातारे वडील रोज तोपर्यंत जागत होते. मुलाच्या कौतुकात या दुसऱ्या जागरणाचा आपल्याला विसर पडतो.

शिवाय भीमराव फक्त शाळेची पुस्तके वाचत नव्हता. अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके वाचण्याचा आणि ती स्वतःची असावीत असा त्याचा हट्ट असे. पाठ्यपुस्तके सोडून मुलगा भलतेच काही वाचतो याची वडिलांना काळजी वाटे, पण त्यांनी पुस्तकाला कधी नाही म्हटले नाही. पेन्शनीतून भागले नाही तर सुभेदार मुंबईत राहणाऱ्या आपल्या विवाहित मुलीकडे जात आणि उसने पैसे मागत. तिच्याकडे रोख नसली तर दुसरीकडे जाऊन तिचा एखादा दागिना घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत, आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत करत. बहिणींच्या दागिन्यांवर उभी राहिलेली लायब्ररी जगात दुसरी कोणती असेल असे वाटत नाही!

बागेतला बाक आणि केळुसकर गुरुजी

भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला. सरकारी शाळा, नावाजलेली. पण घरी वाचायला जागा नाही. म्हणून शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाई आणि एका बाकावर बसून वाचत राही. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक रोज येत. शिवचरित्र आणि बुद्धचरित्र लिहिणारे हे विद्वान गृहस्थ स्वतः व्यासंगी होते. रोज एकच मुलगा रोज वेगळे पुस्तक घेऊन बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्याची चौकशी केली. ओळख वाढली. केळुसकर त्याला स्वतःजवळची पुस्तके देऊ लागले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या हिशेबात हा आकडा सांगितला तर आपली मुले हसतील. पण त्याच्या समाजातून मॅट्रिक होणे ही तेव्हा इतकी मोठी गोष्ट होती की सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली चाळीतल्या लोकांनी सत्काराची सभा भरवली. त्या सभेत केळुसकरांनी आपले मराठी बुद्धचरित्र त्याला भेट दिले. या एका पुस्तकाची गोष्ट इथे संपत नाही. ती पुढे दिल्लीपर्यंत येते. पुढे हेच केळुसकर त्याला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्रा. म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन मदत केली. १९१२ साली बी.ए.ची परीक्षा झाली.

एक गोष्ट मात्र मनाला बोचणारी आहे. भीमरावाला शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते शिकवायला नकार मिळाला, म्हणून नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. त्यात त्याने चांगले गुणही मिळवले. पण संस्कृतची ओढ संपली नाही. पुढे मोठेपणी स्वतःच्या कष्टाने आणि पंडितांच्या मदतीने ते संस्कृत शिकले आणि मूळ ग्रंथ वाचू लागले. शेवटी शेवटी पालीचा अभ्यास करून पाली शब्दकोश आणि व्याकरण यांवरही त्यांनी काम केले. शाळेने जे दार बंद केले, ते त्यांनी पन्नाशी-साठीपर्यंत ढकलत ठेवले आणि उघडले.

न्यूयॉर्कची जुनी पुस्तके

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, वडील वारले. ज्याने रात्री दोनला उठवले तो माणूस मुलाचा पुढचा प्रवास पाहायला राहिला नाही. त्याच वर्षी सयाजीरावांनी परदेशी शिक्षणासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांत त्यांचे नाव आले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला आणि जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

पहिले काही दिवस नव्या जगाच्या नवलाईत गेले. इथे कोणी जात विचारत नव्हते, एका टेबलावर सगळ्यांबरोबर जेवता येत होते. मग एके दिवशी त्यांनी मनाशी हिशेब मांडला, आणि पुन्हा परळचे वेळापत्रक सुरू झाले. पदवीला जेवढे लागते तेवढेच शिकावे हे त्यांना पटणारे नव्हते. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहिली की थक्क व्हायला होते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषेचे प्राथमिक प्रत्येकी एक. शिक्षकही तसेच मिळाले. अर्थशास्त्रात सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते.

शिष्यवृत्तीतूनच घरी पैसे पाठवायचे असत. तेव्हा जेवणात काटकसर करून उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जवळजवळ २,००० जुनी पुस्तके गोळा केली असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. आपण दिल्लीकरांना हे समजायला सोपे आहे. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार, जो २०१९ पासून दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरतो, तिथे ढिगात वाकून हवे ते पुस्तक शोधणारी आणि खिशातले पैसे पुन्हा पुन्हा मोजणारी मुले आपण पाहिलेली आहेत.

बुडालेली पुस्तके

१९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स तसेच ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडवली! न्यूयॉर्कची काही पुस्तके मित्राबरोबर पाठवली होती, त्यांतलीही सगळी पोचली नाहीत. ज्याने एकेक पुस्तक उपाशीपोटी घेतले होते त्याला काय वाटले असेल याची कल्पना केलेली बरी.

बडोद्यात नोकरीवर हजर झाल्यावर राहायला जागाच मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले. मोठ्या ओसाड दालनात रात्री वटवाघळे उडत आणि उजेडाला एक कंदील. त्या कंदिलाशी बसून ते वाचत आणि जागा कुठे मिळेल याचा विचार करत. काही दिवसांनी ओळख उघड झाली, लाठ्या घेऊन जमाव आला, आणि सामान उचलावे लागले. कोलंबियाचा पदवीधर त्या दिवशी कामाठी बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. इथेही शेवटी रेल्वेच आली.

ब्रिटिश म्युझियमचा वाचक

यानंतर त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. दरम्यान ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले होते. त्याच्या शीर्षभागी तुकोबांचा अभंग होता, आणि १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतील ओव्या. घरचे ते लहानपणचे पाठांतर असे वर आले.

लंडनमधील त्यांची दिनचर्या ठरलेली होती. सकाळी लवकर उठून जेमतेम नाश्ता करायचा आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताच हजर व्हायचे. पायी जायचे, कारण भाडे वाचले तर पुस्तक येते. दिवसभर टिपणे काढायची, संध्याकाळी बंद होण्याची सूचना झाल्यावरच उठायचे. ज्या वाचनालयात कार्ल मार्क्सने वर्षानुवर्षे वाचले तेच हे वाचनालय. त्यानंतर इंडिया ऑफिसची लायब्ररी, विद्यापीठाची लायब्ररी. रात्रीचे जेवण म्हणजे बोव्हरिल आणि बिस्किटे, आणि भूक फारच लागली तर मित्राने दिलेल्या पापडांपैकी एखादा भाजून घ्यायचा. खोलीतले सोबती असनोडेकर मध्यरात्री जागे झाले तरी हे वाचतच असत.

या कष्टांतून १९२१ मध्ये एम.एस्सी., नंतर बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरात पडली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्येच पुस्तकरूपाने निघाला. १९२५ मध्ये भारतीय चलनाच्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक छापले गेल्यावर १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली. त्याच वर्षी २० मार्च रोजी ते हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. मसूरच्या रस्त्यावर रात्रभर तहानलेल्या मुलाची आठवण ठेवल्याशिवाय महाड नीट समजत नाही.

पुस्तकांसाठी घर

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले. आपण घर बांधताना बेडरूम किती हे आधी बघतो, त्यांनी पुस्तके कुठे राहतील हे आधी पाहिले. खालच्या मजल्यावर कुटुंब आणि वरच्या मजल्यावर ग्रंथसंग्रह. नाव ठेवले राजगृह. बुडालेल्या पुस्तकांच्या जागी पुन्हा हजारो पुस्तके आली. कायदा, अर्थशास्त्र, धर्म, इतिहास, चरित्रे, युद्धशास्त्र, काय नव्हते! पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, आणि आपला बराचसा ग्रंथसंग्रह त्यांनी या कॉलेजला दिला. जो माणूस पुस्तक उसने द्यायलाही सहसा तयार नसे असे सांगतात, त्याने विद्यार्थ्यांसाठी कपाटेच्या कपाटे रिकामी केली.

पुस्तकांखेरीज त्यांना काही आवडत नव्हते असे मात्र नाही. उतारवयात ते व्हायोलिन शिकले, चित्रकलेत हात घातला. चांगल्या फाउंटन पेनचा त्यांना शौक होता, कुत्री पाळण्याची हौस होती, आणि बागकामाची साताऱ्याची आवड तर शेवटपर्यंत टिकली.

दिल्लीची वर्षे

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून बाबासाहेब दिल्लीत आले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांत इंजिनियर बरेच आहेत, त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. मूळचा अर्थशास्त्रज्ञ आणि वकील असलेला हा माणूस नद्या, पूर, वीजनिर्मिती यांच्या अहवालांत शिरला. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अभ्यास करून दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी चालना दिली. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग निर्माण झाला, तोच पुढे केंद्रीय जल आयोग झाला. नवा विषय अंगावर आला की आधी त्यावरची पुस्तके मागवायची, ही सवय इथेही उपयोगी पडली.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. बेनेगल नरसिंह राव यांच्यासारख्या जाणकारांनी केलेली तयारी, निरनिराळ्या देशांच्या घटना आणि शेकडो दुरुस्त्या या सगळ्यांतून वाट काढत २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. कायदामंत्री असताना ते १, हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू येथे राहत. हाच रस्ता आता टिळक मार्ग म्हणून आपल्या परिचयाचा आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर ते सिव्हिल लाइन्समधील २६, अलीपूर रोड या घरी राहायला गेले.

इथे, मधुमेह आणि अधू होत चाललेली दृष्टी यांच्याशी झगडत, त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला. १९५६ च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्यांनी केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकच्या वेळी दिलेल्या त्या बुद्धचरित्राची कृतज्ञतेने आठवण काढली आहे. वडिलांचे रामायण-महाभारत आणि आपण त्यांना विचारलेला प्रश्नही तिथे आहे. एका शिक्षकाने बागेत भेटलेल्या मुलाला दिलेले पुस्तक ४९ वर्षे त्या मुलाच्या मनात होते!

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांचे सचिव नानकचंद रत्तू त्यांच्याजवळ होते. जेवायला जाताना कपाटांपाशी थांबून बाबासाहेबांनी काही पुस्तके काढली आणि बिछान्याजवळ ठेवायला सांगितली. कबीराचे पद गुणगुणले. मग ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे उशाशी मागून घेतली, रात्री तपासायला. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या घरासाठी

अलीपूर रोडच्या त्या जागेवर १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. इमारतीला उघड्या पुस्तकाचा आकार दिलेला आहे. मेट्रोच्या यलो लाइनवर सिव्हिल लाइन्स स्टेशनला उतरले की ते जवळच आहे. आपल्यापैकी अनेक जण पंचवीस-तीस वर्षे दिल्लीत राहूनही तिथे गेलेले नसतील. पाहुणे आले की आपण त्यांना लाल किल्ला आणि इंडिया गेट दाखवतो. एका रविवारी मुलांना घेऊन इथेही जावे.

बाबासाहेबांच्या वाचनाकडे पाहताना त्यांची बुद्धी असामान्य होती एवढेच म्हणून आपण सुटका करून घेतो. पण बुद्धीइतकीच महत्त्वाची होती ती भोवतालची माणसे. रात्री दोनपर्यंत जागणारे वडील, दागिना काढून देणाऱ्या बहिणी, बागेतल्या अनोळखी मुलाची चौकशी करणारे गुरुजी, कपडे आणि पुस्तके देणारे प्राध्यापक, शिष्यवृत्ती देणारे महाराज, कर्ज देणारा पारशी मित्र. यांपैकी एकही कडी तुटली असती तर? आणि ज्यांना केळुसकर भेटले नाहीत अशी किती मुले त्या काळी गोणपाटावरच राहिली असतील?

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. आपल्या सोसायटीत काम करणाऱ्या बाईची मुलगी, स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्याचा मुलगा, ट्रॅकवर काम करणाऱ्या आपल्याच गँगमनच्या घरातली मुले, यांच्यात कोणी रोज बाकावर बसून वाचत असेल. माझ्यासारख्या डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या माणसाला शिष्यवृत्ती द्यायची ऐपत नाही. पण मुले मोठी झाल्यावर कपाटात पडून राहिलेली पुस्तके आपल्या सर्वांकडे आहेत. ती रद्दीत किलोच्या भावाने जाण्याआधी योग्य हातात पोचवता येतील. उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून पुस्तकांची देवाणघेवाण ठेवली, त्यात मराठी पुस्तकेही आली, तर खर्च काहीच नाही. आपल्या मुलांची मराठी वाचायची सवय दिल्लीत हळूहळू सुटत चालली आहे, तिलाही थोडा आधार मिळेल.

परीक्षेच्या गुणांची चिंता जरूर करावी. पण २८२ गुणांच्या त्या मॅट्रिकच्या मुलाला मिळालेली भेट मार्कशीटपेक्षा पुष्कळ जास्त टिकली, हेही मुलांना सांगावे. आणि जमले तर सांगताना एखादे पुस्तक त्यांच्या हातात द्यावे.